दिव्याशेजारचा माणूस

इस्तंबूलच्या विमानतळावर मी दिवा घेतला तेव्हा पैसे द्यायच्या आधी तो उलटा करून तळाशी 'मेड इन चायना' लिहिलंय का ते दोनदा पाहिलं. दुकानातल्या बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या हसल्या. रागावल्या मात्र नाहीत. रोज बरेच जण तसं बघत असावेत, आणि त्यातले निम्मे तरी आपल्याकडचे असावेत.

दोन हजार वीसचा फेब्रुवारी संपत आला होता. कंपनीच्या कामासाठी जर्मनीत जाऊन मी मेलबर्नला परत निघालो होतो आणि पुढच्या विमानाला भरपूर वेळ होता. एरवी मी असल्या दुकानांत पाऊल टाकत नाही. चॉकलेटचे दोन डबे उचलायचे, एक ऑफिसात वाटायला, एक घरी, ही माझी परदेशातली खरेदी. बायको त्यावरून मला कायम टोमणे मारायची. जगात कुठेही गेलास तरी तुला एकच दुकान सापडतं, म्हणायची. पण या वेळी ती पुण्यात होती, माहेरी. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी गेली होती, आणि एप्रिलमध्ये मी रजा घेऊन जाणार होतो. बाळाला पहिल्यांदा बघायला जाणाऱ्या बापाने चॉकलेटचा डबा घेऊन जाऊ नये, एवढं मलाही कळत होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम आमच्या घरात कोणी केला ते माहीत नाही, पण तो कोणी मोडलाही नव्हता. मेलबर्नच्या टोकाला टार्निटमध्ये घेतलेल्या नव्या घरात आम्ही दोघंच. तिथे तिचं कोण करणार? शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला मालीश, आंघोळ, धुरी, यातलं मला काय येत होतं? ऑफिसातल्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तर त्यांना वाटलं आमचं भांडण झालंय. "You're sending her away, mate?" एकाने अगदी हळू आवाजात विचारलं. मी म्हणालो, आमच्यात असंच असतं. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न होता.

तर ते दुकान. दारातच मिठायांच्या डब्यांचे मनोरे. त्यामागे ट्यूलिप आणि कार्नेशनची फुलं रंगवलेल्या बश्या, लांब दांड्याची तांब्याची कॉफीची भांडी, शिंपल्याची नक्षी बसवलेल्या लाकडी पेट्या, जुन्या गालिच्यांचे तुकडे जोडून शिवलेले उशांचे अभ्रे. निळ्या डोळ्यांचे मणी तर इतके, की चारी बाजूंनी कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटावं. एरवी त्या दुकानात रेटारेटी असणार. त्या दिवशी मी आणि एक म्हातारं जोडपं, एवढेच होतो. काही प्रवाशांनी मास्क लावले होते आणि बाकीचे त्यांच्याकडे वळून वळून बघत होते. मिठाईची चव बघायला ठेवतात तो ट्रे काउंटरवर रिकामा होता. या आजारामुळे बंद केलंय, असं बाई म्हणाल्या, आणि चव न दाखवता मिठाई विकायची म्हणजे त्यांना स्वतःलाच लाज वाटत असल्यासारख्या खांदे उडवून हसल्या.

दिवे छताला टांगलेले होते. रंगीत काचांचे बारीक तुकडे चिकटवून केलेले गोल दिवे, कलिंगडाएवढ्यापासून मोसंबीएवढ्यापर्यंत. मी वर बघत उभा राहिलो. बाईंनी मधल्या आकाराचा एक खाली काढून टेबलावर ठेवायच्या दांडीवर बसवून दिला. साध्या काचेच्या गोळ्यावर एकेक तुकडा हाताने चिकटवतात, मधल्या फटींत बारीक मणी भरतात, मग सगळ्यावर पांढरा लेप फासून वरचा पुसून घेतात, असं त्यांनी मोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी समजावलं. मी इंजिनिअर माणूस. मला पहिल्यांदा दिसली ती चूक. लाल तुकड्यांच्या एका ओळीतला एक तुकडा खाली घसरला होता. मी तो दाखवला. त्यांना वाटलं मला दिवा बदलून हवाय, म्हणून त्या दुसरा काढायला लागल्या. मी नको म्हटलं. तो तुकडा वाकडा होता म्हणूनच मला तो दिवा पाहिजे होता. यंत्राने सगळे सरळ लावले असते. कोणाचा तरी हात तिथे जरा हलला होता.

हा पाळण्याशेजारी लावायचा, असं मी त्याच क्षणी ठरवलं. आणि तिथेच माझ्या हातून घोटाळा झाला.

आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही घेत नाहीत. पाळणासुद्धा कोणाचा तरी वापरलेला आणायचा, झबली-टोपडी जुन्या मऊ कापडाची शिवायची, नवं जे काही ते बारशाला. जे अजून आलेलं नाही त्याच्यासाठी तयारी मांडून बसू नये, एवढंच त्यामागे असावं. बायको जायच्या आधी आम्ही घरातली एक खोली बाळासाठी म्हणून ठरवली होती, पण त्या खोलीत तिने मला एक खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. मी या सगळ्याला हसायचो. तेव्हाही हसलोच. दिव्याबरोबर लोकरीचे विणलेले एवढेसे पायमोजे घेतले, माझी दोन बोटं जेमतेम आत जातील असे. ते बघून बाईंनी बाळ कधी येणार ते विचारलं. मी एप्रिल म्हटलं. त्यांनी एक छोटा निळा मणी पुडक्याला बांधून दिला. नजरेसाठी, म्हणाल्या. नजर हा शब्द त्यांच्याकडेही आहे. आमच्याकडे गालाला काजळाचं बोट लावतात, असं मी त्यांना गालावर बोट टेकवून दाखवलं. म्हाताऱ्या जोडप्यातली आजी माझ्याकडे बघतच राहिली.

मेलबर्नला पोचल्यावर बायकोला फोनवर सगळं दाखवलं.

"तू बाळासाठी घेतलंस?"

"घरासाठी घेतलंय गं. लावू कुठेही."

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली.

मी ते सगळं पुण्याला न्यायच्या बॅगेत ठेवून दिलं. तीन आठवड्यांनी ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. मागोमाग भारताने विमानं बंद केली. माझं एप्रिलचं तिकीट रद्द झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी टार्निट स्टेशनच्या गाडीतळात होतो. एरवी जिथे सकाळी सातनंतर जागा मिळत नाही तिथे माझी एकच गाडी उभी होती.

मुलगी एप्रिलमध्ये झाली. पुण्यातही सगळं बंद, हॉस्पिटलात फक्त सासूबाईंना आत सोडलं. मी टार्निटमध्ये फोन कानाला लावून घरातल्या घरात फेऱ्या मारत होतो. झाल्याचं कळलं, दोघी सुखरूप असल्याचं कळलं, फोटो आला. मी इथे कोणाला सांगणार? मागच्या अंगणात गेलो. कुंपणापलीकडे शेजारचा ऑस्ट्रेलियन म्हातारा झाडांना पाणी घालत होता. त्याला म्हटलं, मला मुलगी झाली. त्याने पाण्याची नळी खाली टाकली, टोपी काढली आणि कुंपणाच्या पलीकडूनच हवेत शेकहँड केला. मग आत जाऊन मी पेढ्याऐवजी गूळ खाल्ला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण एवढा मोठा आनंद एकट्याने करायचा म्हणजे काय करायचं तेच मला सुचेना. भांडी घासून टाकली.

ऑस्ट्रेलियातून बाहेर जायलाही तेव्हा सरकारची परवानगी लागायची; ती मी मागितली, ती नाकारली गेली. पुन्हा मागितली, मिळाली, तेव्हा परतीचं विमान मिळेल याची कोणी हमी देईना. नोकरी, घराचे हप्ते, आणि तिकडून येण्यासाठी बाळाचा व्हिसा, जो कोणाच्या तरी टेबलावर कुठेतरी पडून होता. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसायची. बायको म्हणायची, होईल रे. मीही म्हणायचो, होईल. पण माझ्या मनात भीती होती ती एकच, आणि ती मी तिला कधी सांगितली नाही. मुलगी मला ओळखेल का? तिच्या आयुष्यात तिला उचलणारे, न्हाऊ घालणारे, थोपटणारे हात होते, आणि त्यांत माझे नव्हते. मी फोनमधला एक माणूस होतो. फोनमध्ये माणसं बरीच असतात.

हिवाळा आला आणि मेलबर्न पुन्हा बंद झालं. रात्री संचारबंदी, दिवसातून तासभर फिरायची मुभा, पाच किलोमीटरच्या आत. आमच्या एस्टेटमध्ये सगळी घरं एका साच्यातली, अर्ध्या प्लॉटांवर अजून नुसती माती, आणि त्या मातीवरून येणारा वारा. मी तासभर चालायचो. मुलांच्या बागेतले झोके साखळ्या गुंडाळून वर बांधून ठेवले होते. तिथून जाताना मी रस्ता बदलायला लागलो. ऑफिसचं काम त्या रिकाम्या खोलीत टेबल-खुर्ची टाकून करायचो, कारण सगळ्या घरात तीच एक खोली अशी होती जिथे बायकोची काही वस्तू नव्हती.

बॅग तिथेच कोपऱ्यात. एकदा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंच्या नजरेला ती पडली, आणि ही बॅग अशी भरून का ठेवली आहे, असं त्यांनी विचारलं. मला थाप मारता आली नाही. इस्तंबूल, दिवा, पायमोजे, सगळं सांगून टाकलं. बायको मागून खुणा करत होती तरी. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. इतक्या महिन्यांच्या एकटेपणात मलाही कधीकधी वाटून गेलं होतं, की आधी घ्यायला नको होतं. हसणारा माणूस मी, पण वाटलं होतं.

सासूबाईंनी फोन जवळ ओढला.

"आणलाय ना? मग लावा की तो," त्या म्हणाल्या. "दिवा काय बॅगेत ठेवायचा असतो?"

मी दिवा बाहेर काढला. त्याच्या वायरीला युरोपातला दोन गोल दांड्यांचा प्लग, इथल्या भिंतीत बसणारा नाही. अॅडॉप्टर शोधला. टेबलावर उजव्या हाताला दिवा ठेवला, त्याच्या दांडीला तो निळा मणी बांधला आणि बटण दाबलं. रिकाम्या पांढऱ्या भिंतीवर लाल, निळे, पिवळे ठिपके पसरले. मी बराच वेळ ते बघत बसलो आणि मला रडू आलं. कोणी बघायला नव्हतं, त्यामुळे आवरायचंही कारण नव्हतं.

मुलीचं उष्टावण झालं ते मी फोनवर पाहिलं. चांदीच्या वाटीतली खीर मामाने भरवली, तो मान मामाचाच. त्यानंतर रोज तिच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी कॉल लागायचा. पुण्यात दुपार, माझ्याकडे संध्याकाळ. सासूबाई मांडीवर घेऊन मऊ भात भरवायच्या. लहान मुलाला भरवताना आपल्याकडे खिडकीशी नेऊन चिऊ दाखवतात, काऊ दाखवतात. बघ बघ म्हणायचं आणि तोंड उघडलं की घास सारायचा. आमच्याकडे चिऊकाऊंच्या जागी फोन उभा केलेला असायचा. मी माझ्या मुलीचा काऊ होतो, असं म्हणून मी बायकोला हसवायचो. प्रत्यक्षात काऊसुद्धा नव्हतो. ती बघायची दिव्याकडे. "तो बघ बाबांचा दिवा," सासूबाई म्हणायच्या, ती मला सोडून त्याच्याकडे टक लावायची, तोंडाचा आ करायची आणि घास आत जायचा. मी शेजारी नुसता बसलेला.

मला त्या दिव्याचा मत्सर वाटायला लागला. हे लिहितानाही हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. एका संध्याकाळी मी दिवा बंद करून कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवला. बघू या, म्हटलं, आता कोणाकडे बघते. ती फोनकडे बघत राहिली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि ओठ काढून रडायला लागली. घास थुंकून दिला. सासूबाई तिला उचलून आत घेऊन गेल्या. बायको फोनपाशी आली. तिला लगेच कळलं.

"दिवा कुठे गेला?"

मी कॅमेऱ्याबाहेर बोट दाखवलं.

"तू रोज नुसता बसतोस रे," ती म्हणाली. चिडून नाही, दमून. "तो दिवा तरी चमकतो. तू काहीतरी बोल ना तिच्याशी."

मला फार लागलं ते. पण काय बोलणार? तान्ह्या मुलीला मी काय सांगणार होतो, आज मीटिंगमध्ये काय झालं ते? घरात मी दिवसचे दिवस कोणाशी समोरासमोर बोललो नव्हतो. दुकानात "no worries" म्हटलं तेवढंच. बोलायची सवयच गेली होती. दिवा परत जागेवर ठेवला आणि परत तसाच गप्प बसायला लागलो.

ती वर्षाची झाली आणि पुण्यात दुसरी लाट आली. वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंना ताप आला, टेस्ट पॉझिटिव्ह, त्या मागच्या खोलीत बंद. त्याच सुमारास भारतातून ऑस्ट्रेलियाला येणारी विमानंही बंद झाली, म्हणजे तोवर जी काही आशा होती तीही गेली. भाऊ वेगळा राहायचा, त्यामुळे घरात बायको एकटी. सासूबाईंच्या दारापाशी ताट ठेवायचं, ऑक्सिमीटरचा आकडा विचारायचा, फोन घ्यायचे, आणि मधेच मुलीला भरवायचं. मुलगी आजीसाठी रडायची, तोंड घट्ट मिटून घ्यायची. त्या दुपारी बायकोने फोन डब्याला टेकवून उभा केला, घास हातात धरून बसली आणि नुसती रडायला लागली. मुलगी तिच्याकडे बघून आणखी रडायला लागली. आणि मी हजारो मैलांवर, हात असून नसल्यासारखा.

काही ठरवून केलं असं नाही, पण माझं बोट दिव्यावर गेलं. त्या घसरलेल्या लाल तुकड्यावर.

"हा लाल," मी म्हटलं. "हा बघ, हा वाकडा लाल. सगळे रांगेत उभे, आणि हा खाली बसलाय."

ती थांबली. माझं बोट निळ्यावर गेलं. हा निळा, याला थंडी वाजतेय. हा पिवळा, हा वरणभात. काहीही. तोंडाला येईल ते. ती बोटाकडे बघायला लागली आणि बोटाबरोबर तिची मान फिरायला लागली. मी दिवा हळूहळू फिरवत होतो. एक पूर्ण फेरी झाली की परत वाकडा लाल यायचा, तेव्हा मी आवाज बदलून "आला!" म्हणायचो. तिचं तोंड उघडलं. बायकोने डोळे पुसत घास सारला. मग दुसरा. त्या दिवशी सगळा भात संपला. बायकोने रिकामी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्या घरात कोणाच्या तरी उपयोगी पडलो होतो.

सासूबाई बऱ्या झाल्या. त्यांनी परत भरवायला सुरुवात केली, तरी वाकड्या लालाचं काम माझ्याकडेच राहिलं. रोज तेच. ती एक-दोन शब्द बोलायला लागली. "दिवा" म्हणायची. फोन हातात घेऊन "बाबा" पण म्हणायची, पण तो मला म्हणते का फोनला, ते मला कधी नक्की कळलं नाही. बायको म्हणायची, तुलाच रे. बायको मला वाईट वाटू नये म्हणून काहीही म्हणते, हे मला लग्नापासून माहीत आहे.

सीमा उघडल्या, व्हिसा आला, आणि दोन हजार एकवीसच्या डिसेंबरात त्या दोघी येणार असं ठरलं. मी घर धुऊन काढलं. सकाळी उठून मऊ भात आणि वरण करून ठेवलं. विमानतळावर वेळेच्या फार आधी जाऊन पोचलो. विमानं अजून मोजकीच येत होती, बरीच दुकानं अर्ध्या शटरात, पण आठवण म्हणून न्यायच्या वस्तूंचं एक दुकान उघडं होतं. वेळ घालवायला आत शिरलो. कापडी कोआला, कांगारू, लाकडी बूमरँग, ठिपक्याठिपक्यांची नक्षी छापलेले चहाचे मग. एक कोआला उचलला. उलटा करून लेबल वाचलं. या वेळी ते 'मेड इन चायना'च होतं, पण होता गोड, मऊ, तिच्या कुशीत मावेल एवढा. तिला रडू आलं तर पुढे करता येईल, म्हणून काउंटरपर्यंत गेलो. आणि परत येऊन तो जागेवर ठेवून दिला. काउंटरवरची मुलगी "You right?" म्हणाली, म्हणजे काही हवंय का. मी म्हटलं, नंतर येतो. आधी ती त्या दारातून बाहेर येऊ दे. ती यायच्या आधी मला काही घ्यायचं नव्हतं.

त्या बाहेर आल्या. सामानाच्या गाडीवर बॅगांच्या राशीपुढे मुलगी बसवलेली, गुलाबी टोपडं, झोपेने सुजलेले डोळे. माझ्या तोंडावर मास्क, बायकोच्या तोंडावर मास्क. बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली आणि मुलीने आमच्याकडे बघून जे भोकाड पसरलं ते अख्ख्या विमानतळाने ऐकला असेल. मी मास्क खाली केला, तर ती आणखी घाबरली. हात पुढे केले, तर आईच्या कुशीत तोंड खुपसलं. "थकलीय रे," बायको म्हणाली. मी म्हटलं, हो ना, एवढा प्रवास. कोआलाचं दुकान आम्ही तसंच ओलांडून गेलो.

गाडीत ती टार्निटपर्यंत रडली. लहान मुलांची सीट तिने आयुष्यात पाहिली नव्हती. मागे बायको तिच्याशेजारी बसून थोपटत होती. मी पुढे एकटा, ड्रायव्हरसारखा. आरशात बघितलं की ती माझी नजर चुकवायची. वेळ लागतो, असं सगळ्यांनी मला सांगून ठेवलं होतं आणि मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण रस्ता मला धड दिसत नव्हता.

घरी आल्यावर बायकोने तिला हॉलमध्ये खाली ठेवलं. ती हुंदके देत उभी राहिली, नवीन घराकडे बघत. मी मुद्दाम तिच्या जवळ गेलो नाही. सामान आणायला परत गाडीकडे गेलो. आत आलो तर बायको तोंडावर बोट ठेवून मला खुणावत होती. मुलगी त्या खोलीच्या दारात उभी होती. खोलीत पाळणा नव्हता, काहीच नव्हतं, टेबल, खुर्ची आणि दिवा. तोही बंद, भरदुपारी.

"दिवा," ती म्हणाली.

मग ती आत गेली. टेबलाला हात लावला. दिव्याकडे पाहिलं, आणि मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. खुर्चीच्या बैठकीवर तिने तळहाताने दोनदा थापटलं, मागे वळून आईकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा?"

मी दारातच होतो. तिला ओलांडून, तिला धक्का लागणार नाही असा, अंग चोरून मी खुर्चीपर्यंत गेलो आणि रोज बसतो तसा बसलो. दिवा लावला. उजेडात त्याचे रंग फारसे दिसत नव्हते. दिवा हळूहळू फिरवला आणि वाकड्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा लाल," मी म्हटलं.

तिने बोटाकडे पाहिलं. बोटावरून हाताकडे, हातावरून वर माझ्या तोंडाकडे. बराच वेळ. मग माझ्या गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली आणि तिने तोंडाचा मोठा आ केला.

बायको वाटी घेऊन धावत आली. वरणभात गार झाला होता. मी बोटांनी कालवला, एवढासा घास केला, आणि माझ्या मुलीला माझ्या हाताने भरवला.